पूलची स्टिक निवडताना: आधी बॉल मोजा, कंपनी मग बघू

वणी असो, पुसद असो नाहीतर वरूड, तालुक्याच्या गावातलं पूल पार्लर सगळीकडे जवळपास सारखंच असतं. वर टिनाचं छत, कोपऱ्यात घरघरणारा कूलर, एकदोन टेबलं आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या सातआठ स्टिका. त्यातली एखादीच सरळ. नेहमीचे पोट्टे आल्याबरोबर तीच उचलतात. मग "काऊन बे, तुले दुसरी भेटली नाई काय?" यावरून डाव सुरू व्हायच्या आधीच वाजतं. कधीतरी या कटकटीला कंटाळून माणूस स्वतःची स्टिक घ्यायचं मनावर घेतो आणि चार जणांना विचारतो. चौघं चार कंपन्यांची नावं सांगतात.

कंपनीचं नाव हा या निवडीतला सगळ्यात शेवटचा मुद्दा आहे. मुरलेला खेळाडू स्टिकमध्ये एकच गुण शोधतो: काल जशी चालली तशीच ती आज चालली पाहिजे. तोच फटका, तोच परिणाम. स्टिक सरळ असेल, टोकाची चामड्याची टिप नीट बसलेली असेल आणि वजन हाताला रुळलेलं असेल, तर किंमत फारशी आडवी येत नाही. स्नूकरमध्ये सात वेळा जगज्जेता झालेला स्टीफन हेंड्री लहानपणी घेतलेल्या अवघ्या ४० पौंडांच्या स्टिकने खेळत आला होता. २००३ मध्ये विमानप्रवासात ती मोडली तेव्हा बातमी झाली. त्याच्याकडे महागड्या स्टिका घ्यायला पैसे नव्हते अशातला भाग नाही. मोठ्या खेळाडूंच्या हातात आज जे दिसतं त्यातलं बरंचसं प्रायोजकांचं असतं, हेही व्हिडिओ पाहताना लक्षात असू द्या.

तुमच्या टेबलावर नेमका कोणता बॉल आहे?

इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. 'पूल' या एका नावाखाली आपल्याकडे दोन-तीन वेगळे खेळ चालतात आणि प्रत्येकाची स्टिक वेगळी. टेबलाचा आकार पाहून फसायला होतं, म्हणून बॉलच मोजायचा. शिलाईचा टेप घ्या. नसेल तर कागदाची पट्टी बॉलच्या बरोबर मधोमध गुंडाळा, खूण करा आणि पट्टी उलगडून फूटपट्टीवर ठेवा.

घेर साधारण १८ सेंटीमीटर भरला तर तो अमेरिकन पूलचा बॉल, व्यास ५७ मिलिमीटर. साडेसोळा भरला तर स्नूकरचा, साडेबावन्न मिलिमीटर. १६ भरला तर इंग्लिश पूलचा दोन इंची बॉल. अशा काही टेबलांवर पांढरा बॉल बाकीच्यांपेक्षा थोडा लहान असतो, तेव्हा रंगीत बॉल मोजा.

बॉल मोठा आणि जड, तर टिप रुंद. अमेरिकन पूलच्या स्टिकची टिप साडेबारा ते तेरा मिलिमीटर असते, स्नूकरची नऊ ते दहा, इंग्लिश पूलची साधारण आठ ते नऊ. आपल्याकडे बरेच जण आधी स्नूकर शिकतात आणि तीच बारीक टोकाची स्टिक घेऊन अमेरिकन पूलच्या टेबलाला भिडतात. हळू फटक्यांना ती चालूनही जाते. पण पंधरा जड बॉलचा त्रिकोण फोडताना, म्हणजे ब्रेक मारताना, बारीक शाफ्ट (स्टिकचा पुढचा भाग) लवतो, टिप लवकर चपटी होते आणि पुढची पितळी टोपी ढिली व्हायला लागते. उलट बाजूने तेरा मिलिमीटरच्या टोकाने स्नूकर खेळायला गेलात, तर व्हाइटवर, म्हणजे पांढऱ्या बॉलवर, नेमकं कुठे मारताय तेच दिसत नाही.

स्नूकरशी आपलं तसं शेजाऱ्याचं नातं आहे. हा खेळ १८७५ मध्ये जबलपुरात नेव्हिल चेंबरलेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आकाराला आणला असं मानलं जातं, आणि जबलपूर म्हणजे नागपूरहून सिवनीमार्गे सरळ रस्ता. त्यामुळे पार्लरमधले जुने लोक अजूनही स्नूकरच्या स्टिकला 'खरी स्टिक' म्हणतात. त्यांचा मान ठेवा. पण बॉल मोजल्याशिवाय खरेदी करू नका.

पुढे लिहिलेलं मुख्यतः अमेरिकन पूलसाठी आहे. तपासणी, देखभाल आणि टिप बसवण्याची पद्धत मात्र कुठल्याही स्टिकला लागू पडते.

लांबी आणि वजन

लांबीवर फार डोकं लावायची गरज नाही. ५८ इंची, म्हणजे सुमारे १४७ सेंटीमीटरची स्टिक बहुतेक प्रौढांना चालते. फटका बसायच्या क्षणी मागच्या हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग सरळ खाली लोंबत असावा. त्या वेळी तुमची मूठ स्टिकच्या अगदी शेवटच्या टोकावर येत असेल तर स्टिक तुम्हाला आखूड पडते. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी ४८ किंवा ५२ इंची मिळते. स्पर्धेच्या नियमांत कमीत कमी ४० इंच, वजन जास्तीत जास्त २५ औंस आणि टिप जास्तीत जास्त १४ मिलिमीटर ही मुख्य बंधनं आहेत. त्यामुळे नियमाबाहेर जायची भीती नाही.

वजन औंसात सांगतात आणि तिथे आपला गोंधळ उडतो. एक औंस म्हणजे सव्वाअठ्ठावीस ग्रॅमच्या किंचित वर. १८ औंस म्हणजे ५१० ग्रॅम, १९ म्हणजे ५३९, २० म्हणजे ५६७ आणि २१ म्हणजे ५९५. पूलच्या बहुतेक स्टिका याच पट्ट्यात येतात. पहिली स्टिक १९ औंसाची घ्या. हलकी वाटली तर पुढे वाढवता येते. बऱ्याच स्टिकांच्या मागच्या रबराखाली वजनाचा बोल्ट असतो, तो ॲलन कीने काढून जड किंवा हलका बसवता येतो. विकत घेताना हे विचारून ठेवा. खोक्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर स्टिक आडवी ठेवली की काम होतं.

जड स्टिकने ब्रेक जोरात बसतो, ही समजूत काही केल्या जात नाही. बॉलला जोर मिळतो तो स्टिकच्या वजनातून आणि वेगातून, आणि वेगाचा वाटा त्यात मोठा असतो. एकवीस औंसाची स्टिक फिरवताना हात मंदावला तर जास्तीचं वजन फुकट गेलं. वर नेम हलतो तो वेगळाच.

तोल पाहायचा असेल तर जोडलेली स्टिक एका बोटावर आडवी धरा. मागच्या टोकापासून साधारण ४५ ते ५० सेंटीमीटरवर ती स्थिर राहिली तर तोल नेहमीचा. पुढे जड स्टिक आवडणारेही लोक आहेत. यात बरोबर-चूक काही नाही, पण तुमच्या हाताची सवय कोणत्या तोलाची आहे ते माहीत असलेलं बरं.

मुठीच्या जागी लिननचा दोरा गुंडाळलेली, चामड्याची किंवा नुसतं पॉलिश असलेली, असे तीन प्रकार मिळतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हाताला जो घाम फुटतो, त्याला लिनन बरं. घाम शोषून घेतं. गुळगुळीत पॉलिशवर ओला तळवा चिकटतो आणि फटका अडखळतो.

शाफ्ट: पैसे लावायचे तर इथे

स्टिकचा पुढचा अर्धा भाग म्हणजे शाफ्ट. मागच्या भागावर नक्षी, रंग, शिसवी, काय वाटेल ते असू द्या, खेळ शाफ्टवर चालतो. पूलच्या स्टिकला हार्ड मेपल वापरतात. हे लाकूड कॅनडा आणि अमेरिकेच्या थंड भागातलं. दाट, गुळगुळीत आणि ताठ. स्नूकरच्या स्टिका बहुधा ॲशच्या असतात. त्यावर बाणाच्या टोकासारख्या गडद रेषा एकामागे एक दिसतात. मेपलवर रेषा फिकट असतात. शाफ्ट उजेडात धरून त्या पाहा. जॉइंटपासून, म्हणजे दोन भाग जोडतात तिथपासून, टोकापर्यंत त्या सरळ गेल्या पाहिजेत. मध्येच तिरप्या होऊन कडेला बाहेर पडत असतील, तर तो शाफ्ट आज सरळ असला तरी पुढे वाकण्याची शक्यता जास्त.

"आपल्याकडे एवढं सागवान असताना परदेशी लाकूड कशाला? चंद्रपूर-आलापल्लीचा साग आणून सुताराकडून करून घेऊ," असं कोणीतरी म्हणतंच. साग टिकाऊ, पावसापाण्याला दाद न देणारा, सगळं खरं. पण त्याची रंध्रं मोठी, त्यामुळे बोटांवरून सरकताना तो मेपलइतका गुळगुळीत लागत नाही. त्याच्या अंगात तेल, त्यामुळे टिप आणि टोपी चिकटवताना गोंद धरत नाही. मुठीच्या भागाला साग किंवा शिसम चालेल. शाफ्टला नको.

शाफ्टचा निमुळतेपणाही दोन तऱ्हांचा असतो. एकात टोकापासून दहा-पंधरा इंच जाडी जवळपास सारखी राहते आणि मग वाढते. याला प्रो टेपर म्हणतात. दुसरा टोकापासूनच हळूहळू जाड होत जातो. पुढच्या हाताच्या बोटांचा गोल करून त्यातून स्टिक सरकवत असाल, तर पहिला सुखाचा, कारण फटक्यात जाडी बदलत नाही. स्नूकरसारखं अंगठ्याच्या खाचेत स्टिक ठेवत असाल तर दुसऱ्यानेही काही अडत नाही आणि तो जास्त ताठ लागतो.

आता ज्यावर सगळ्यात जास्त वाद होतात ते: डिफ्लेक्शन. व्हाइटला मधोमध न मारता उजवीकडे मारलं, की तो स्टिकच्या दिशेने सरळ न जाता किंचित डावीकडे सरकून निघतो. डावीकडे मारलं की उजवीकडे. हे किती होईल ते मुख्यतः शाफ्टच्या पुढच्या सहा-आठ इंचांच्या वजनावर ठरतं. तो भाग जितका हलका, तितका व्हाइट कमी सरकतो. म्हणून टोकाला आतून पोकळ केलेले, हलकी टोपी लावलेले शाफ्ट निघाले. प्रिडेटर या अमेरिकी कंपनीने १९९० च्या दशकात असे शाफ्ट लोकप्रिय केले आणि पुढे कार्बन फायबरचे आणले. आता टीव्हीवरच्या स्पर्धांत काळे कार्बन शाफ्टच जास्त दिसतात.

आपल्या पार्लरमध्ये हे ताडून पाहता येतं. एक बॉल टेबलाच्या दूरच्या टोकाला, व्हाइट अलीकडे, दोन्ही टेबलाच्या लांब बाजूला समांतर अशा एका सरळ रेषेत. आधी मधोमध फटका मारून समोरचा बॉल पूर्ण लागतो का ते पाहा. मग स्टिक त्याच रेषेला समांतर ठेवून फक्त टिपच्या रुंदीएवढी उजवीकडे सरकवा आणि जरा जोरात मारा. व्हाइट समोरच्या बॉलच्या डाव्या अंगाला किती जाऊन लागतो ते पाहा. हळू मारू नका. हळू फटक्यात व्हाइट वळून परत येतो आणि अंदाज चुकतो. दोन-तीन स्टिकांनी हेच केलं की फरक स्वच्छ दिसतो.

आणि तरीही, नवशिक्याने कमी डिफ्लेक्शनसाठी जास्तीचे पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. ज्याला अजून मधोमध मारता येत नाही, त्याचा व्हाइट नको असतानाही बाजूने लागतो आणि दोष शाफ्टवर जातो. साधा मेपल शाफ्ट, १३ मिलिमीटर टिप, वर्षभर तीच स्टिक. नेम आपोआप तिच्या सरकण्याला जुळवून घेतो. बारीक टिपने फिरकी आपसूक जास्त मिळते हेही पूर्ण खरं नाही. फिरकी मिळते ती मध्यापासून लांब मारल्यामुळे, बारीक टिपमुळे फक्त जागा नीट दिसते.

कार्बनबद्दल विदर्भापुरता एक मुद्दा मात्र त्याच्या बाजूचा आहे: तो दमट हवेने वाकत नाही. ज्याचा हात बसलेला आहे, जो अमरावती-नागपूरला स्पर्धा खेळायला जातो, त्याने विचार करावा. पण नामवंत कंपनीचा नुसता शाफ्टच पाचशे डॉलरच्या आसपास जातो, वर कर आणि वाहतूक. आणि काळा रंग दिलेला प्रत्येक शाफ्ट कार्बनचा नसतो. स्वस्तात 'कार्बन' मिळत असेल तर आधी तो लाकडावर छापलेला कागद नाही ना ते पाहा. जॉइंट उघडून आतली कड बघितली की कळतं.

जॉइंटचं म्हणाल तर दोन तुकड्यांचीच स्टिक घ्या. अखंड ५८ इंची काठी घेऊन लालपरीत चढून बघा म्हणजे कारण कळेल. स्क्रूचे प्रकार अनेक आहेत, ५/१६ बाय १८, ५/१६ बाय १४, ३/८ बाय १०, रेडियल, युनि-लॉक, आणि एकाचा शाफ्ट दुसऱ्याला बसत नाही. तुमचा कोणता ते लिहून ठेवा. उद्या नुसता शाफ्ट बदलायचा झाला तर उपयोगी पडेल.

पार्सल आल्यावर, दुकानातून निघण्याआधी

तालुक्याला निवड करायला दुकान नसतंच. म्हणजे एकतर नागपूर-अमरावतीला जायचं किंवा ऑनलाइन मागवायचं. ऑनलाइन मागवलीत तर परत करायची मुदत किती दिवसांची ते आधी वाचा आणि आल्या दिवशीच तपासा.

टेबलावर स्टिक गडगडवून पाहणं ही सगळ्यांची आवडती चाचणी आहे, पण पार्लरचं टेबलच एका अंगाला झुकलेलं असेल तर चांगली स्टिकही लंगडते. घरी स्वयंपाकाच्या ओट्याचं ग्रॅनाइट त्यापेक्षा भरवशाचं. फक्त शाफ्ट घ्या, जॉइंटचा स्क्रू किंवा कडा ओट्याच्या बाहेर राहील असा ठेवा आणि हळू फिरवा. डोळे ओट्याच्या पातळीला आणून शाफ्टखालच्या उजेडाच्या फटीकडे पाहा. फिरताना फट सारखी राहिली तर सरळ. कमी-जास्त होत असेल तर वाकडा. मग मागचा भाग तसाच तपासा. शेवटी दोन्ही जोडून. वेगवेगळे सरळ आणि जोडल्यावर वाकडे निघाले तर दोष जॉइंटमध्ये आहे.

दुसरी चाचणी डोळ्यांची. सुतार फळीची धार पाहतो तशी स्टिक मागच्या टोकाकडून डोळ्याशी धरा आणि हळूहळू गोल फिरवा. टोक जागच्या जागी फिरलं पाहिजे. ते इकडे-तिकडे डुललं तर परत करा.

जॉइंट पूर्ण आवळल्यावर दोन भागांत नख शिरेल एवढीही फट नको. मागचं टोक जमिनीवर हलकेच आपटा. आतून खडखड आली तर वजनाचा बोल्ट ढिला आहे. तो आवळता येतो, त्यासाठी स्टिक नाकारायचं कारण नाही. टिपखालची पांढरी टोपी, फेरूल, तिच्यावर केसाएवढी जरी चीर दिसली तर मात्र नको. नख फिरवून पाहा, चीर नखाला लागते.

सेकंडहँड स्टिक घेताना याशिवाय एक विचारा: ही कुठे ठेवत होतास? भिंतीला तिरपी टेकवून ठेवत होतो म्हणाला, तर ओट्यावरची चाचणी दोनदा करा.

ऊन, कूलर आणि जुलैचा पाऊस

मेमध्ये चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे पारा पंचेचाळिशीच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. जुलैत तीच हवा ओली चिंब. लाकूड कोरड्या हवेत ओल सोडतं, दमट हवेत घेतं, आणि हे एका अंगाने जास्त झालं की वाकतं. आपल्याकडे त्यात भर पडते ती डेझर्ट कूलरची. बाहेर भट्टी आणि कूलरसमोर पाण्याचे तुषार. पार्लरच्या स्टिका बहुधा तिथेच टेकवलेल्या असतात. एका बाजूला ओल, दुसऱ्या बाजूला टिनाची धग. त्या वाकणारच.

स्वतःची स्टिक खेळ संपला की दोन तुकडे करून पेटीत, आणि पेटी आडवी सपाट किंवा अगदी उभी. तिरपी टेकवायची नाही. टिनाच्या छताला लागून असलेल्या फळीवर नको, गाडीच्या डिकीत दुपारभर नको, धान्याच्या कोठीमागच्या ओल्या कोपऱ्यात नको. घरातली पलंगाखालची जागा उत्तम.

चांगली कडक पेटी महाग वाटत असेल तर शेतात ठिबकची पाइपलाइन टाकताना उरलेला ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप कामी येतो. ५८ इंची स्टिकचे दोन भाग प्रत्येकी सुमारे ७४ सेंटीमीटर भरतात, म्हणून पाइप ८० सेंटीमीटर कापायचा. एका टोकाला टोपण चिकटवून टाकायचं, दुसऱ्याला नुसतं घट्ट बसणारं. आत दोन्ही भागांना जुन्या सुती धोतराच्या वेगळ्या पट्ट्या गुंडाळा, म्हणजे एकमेकांवर घासणार नाहीत. पट्टा लावून पाठीवर टाकला की मोटरसायकलवरून वीस किलोमीटरच्या खड्ड्यांतूनही स्टिक सुखरूप येते. फक्त ओली स्टिक आत बंद करू नका आणि पाइप उन्हात ठेवू नका.

खेळून झाल्यावर शाफ्ट कोरड्या सुती फडक्याने पुसायचा, जोरात, थोडी ऊब येईपर्यंत. टिपला घासतात त्या चॉकचा निळा थर आणि घाम मिळून जो चिकटपणा येतो तो यानेच जातो. कधीतरी फडकं किंचित ओलं करून पुसा आणि लगेच कोरडं करा. खरखरीत पॉलिश पेपर शाफ्टवर अजिबात नको. दर वेळी थोडी जाडी जाते आणि दोन वर्षांत तेराची टिप बसेनाशी होते. हात चिकटतो म्हणून पावडर फासणारे बरेच असतात. ती सगळी शेवटी टेबलाच्या कापडात जाते आणि मालक वैतागतो. त्यापेक्षा तीन बोटांचा ग्लव्ह घ्या.

ब्रेकसाठी वेगळी स्टिक?

परवडत असेल तर हो, नसेल तर पार्लरची कुठलीही घट्ट टिपची स्टिक ब्रेकला वापरा आणि आपली वाचवा. ब्रेकच्या खास स्टिकला फिनॉलिक राळेसारखी कडक टिप असते. व्हाइट उडवून मारायच्या जंप शॉटची आखूड स्टिक मात्र विकत घेण्याआधी मालकाला विचारा. कापड फाटेल म्हणून बहुतेक ठिकाणी जंप मारू देत नाहीत.

टिप

स्टिक आणि बॉल एकमेकांना भेटतात ते फक्त टिपपाशी, आणि तेही सेकंदाच्या अगदी छोट्या हिश्श्यासाठी. चामड्याची टिप एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये मिंगो नावाच्या खेळाडूने रूढ केली असं मानतात. त्याआधी नुसतं लाकडी टोक असायचं आणि बाजूने मारलं की सटकायचं. चॉकमध्येही खडू नसतो. सिलिका आणि तत्सम खरखरीत भुकटीच्या आजच्या चॉकचं पेटंट १८९७ मध्ये अमेरिकेत स्पिंक्स आणि हॉस्किन्स या दोघांनी घेतलं. म्हणून फळ्याचा खडू घासून चालत नाही.

मऊ टिप चॉक छान धरते, पण लवकर चपटी होते आणि कडेने छत्रीसारखी पसरते. कडक टिप आकार टिकवते, पण चॉक लावायला विसरलात की सटकते. मध्यम घ्या. एका चामड्याची दाबून केलेली टिप स्वस्त. डुकराच्या कातड्याचे पातळ थर चिकटवून केलेली महाग, पण एकसारखी चालते. तालुक्याला टिप बसवून देणारा सापडत नाही, तेव्हा नागपूरहून येताना चार-पाच घेऊनच या आणि बसवायला स्वतः शिका.

जुनी टिप धारदार कटरने बाजूने सोलून काढा. उरलेला गोंद खरवडा. फेरूलला कडेने कागदी चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे ओरखडे येणार नाहीत. आता १५० नंबरचा पॉलिश पेपर सपाट लाकडी तुकड्यावर ताणून धरा आणि फेरूलचं तोंड अगदी सपाट करा. घाई होते ती इथेच. नवी टिप नुसती वर ठेवून उजेडाकडे धरा. कुठूनही उजेड दिसला तर आणखी घासा. टिपची खालची बाजूही कागदावर दोन-तीनदा फिरवून खरखरीत करा.

गोंद म्हणून फेविक्विकसारखा पटकन धरणारा चालतो, पण पातळ असतो, म्हणून फेरूलच्या मधोमध एकच लहान थेंब. जास्त झाला तर थरांत शिरून टिप दगड होते. घट्ट जेल मिळालं तर अधिक चांगलं. टिप मधोमध बसवा, स्टिक उलटी करून लाकडी पाटावर एक मिनिट सरळ दाबून धरा आणि रात्रभर ठेवून द्या. दोन तासांत पक्की झाल्यासारखी वाटते, तरी थांबा.

सकाळी शाफ्ट उलटा धरून टिप पाटावर टेकवा आणि नव्या ब्लेडने बाहेर आलेली कड वरून खाली, शाफ्ट फिरवत, थोडी थोडी कापा. ब्लेड फेरूलला लागू द्यायचं नाही. मग ४०० नंबरच्या कागदाने कड फेरूलला समपातळीत आणा. कडेला बोटाने थुंकीचा ओला स्पर्श करा आणि चामड्याच्या तुकड्याने भरभर घासा. कड चकचकीत आणि टणक होते, पुढे कमी पसरते.

आता वरचा घुमट. अमेरिकेत तो तिथल्या दोन नाण्यांच्या गोलाईशी ताडतात. आपल्याकडे २०११ च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचं आहे, ते त्यातल्या मोठ्या नाण्याच्या अगदी जवळ जातं. कागदाची पट्टी तळहातावर ठेवून मधून कडेकडे घासत जा आणि अधूनमधून रुपयाची कड टिपशेजारी धरून पाहा. दोन्हींची गोलाई जुळली की पुरे. जास्त फिरकी मारणाऱ्याला थोडी अधिक गोल हवी असते. त्यासाठी त्याच मालिकेतलं १९ मिलिमीटरचं पन्नास पैशाचं नाणं घरात कुठे पडलेलं असेल तर शोधा.

चॉक दर फटक्याआधी, पण गरगर फिरवून नाही. रंगाच्या कुंचल्यासारखा हलका ओढायचा. चॉकला मधोमध खोल खड्डा पडला असेल तर त्या पार्लरमध्ये सगळे चुकीचा लावतात. टिप चकाकायला लागली की पॉलिश पेपरने वरवर खरखरीत करा, रोज नको. कडेची उंची दीड-दोन मिलिमीटर राहिली की बदला, नाहीतर पुढचा फटका फेरूलला लागेल.

नवी टिप पहिले दोन-तीन दिवस दबते आणि कड पुन्हा थोडी बाहेर येते. ती परत कापून घासा, घुमट परत रुपयाशी ताडा. तोवर त्या स्टिकने ब्रेक मारू नका.